दोन इंच आत

वन्सं: वहिनी, हलू नकोस. जशी उभी आहेस तशीच उभी राहा.

वहिनी: का? चेन अडकली का?

वन्सं: चेन नाही, टाचणी. फिटिंगला लावलेली टाचणी ड्रेसमधून तुझ्या पोटात गेलीय.

वहिनी: काहीतरीच काय वन्सं. पोटात गेली असती तर मी दुकान डोक्यावर घेतलं नसतं?

वन्सं: तेच तर मला कळत नाही. खाली बघ. टाचणीचं डोकं दिसतंय. बाकीची टाचणी कुठे आहे, सांग बघू.

वहिनी: अगंबाई. ओढा ती आधी. ओढली का?

वन्सं: ओढलीसुद्धा. एक लाल ठिपका आलाय, बाकी काही नाही. दुखलं?

वहिनी: छे. शेजारणीच्या पोटातून काढल्यासारखं वाटलं.

वन्सं: हे बघ, मी सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. कोणाच्या खिशात खडू आहे आणि कोणाच्या तोंडात, ते मला चेहऱ्यावरून कळतं. तुझ्या पोटाला टाचणी का कळत नाही? खरं सांगितलंस तर रागावणार नाही.

वहिनी: आधी ते मधलं दार लावा. तुमचे दादा एवढ्यात येतील का?

वन्सं: बँडवाल्यांचे कोट पोचवायला गेलाय. प्रत्येकाला घालून बघायला लावल्याशिवाय तो तिथून हलत नाही. वेळ आहे तुला. बोल.

वहिनी: मी चरबी गोठवून घेतली.

वन्सं: काय घेतलं?

वहिनी: गोठवून. पोटावरची. कापाकापी नाही, टाके नाहीत. एक यंत्र असतं, ते पोट धरतं आणि गार करतं.

वन्सं: मी पहिलीतली मुलगी आहे असं समज आणि नीट सांग.

वहिनी: डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तसंच सांगते. कातडीला थंडी सोसते, चरबीला सोसत नाही. बाहेरून गारठा दिला की आतली थोडी चरबी मरते, मग शरीर तिला हळूहळू झाडून बाहेर टाकतं. हळूहळू म्हणजे दोन-तीन महिने लागतात. सगळी जात नाही. पाच वाट्यांतला एक वाटा गेला तरी खूप झालं म्हणायचं. आणि त्यांनी बजावून सांगितलं, वजन काही कमी होणार नाही, नुसता आकार बदलेल, तोही बदललाच तर. मी म्हटलं, मला आकारच हवाय. आमचा धंदाच आकाराचा.

वन्सं: आणि हे केलंस कधी?

वहिनी: तीन आठवडे झाले. लेस आणायला म्हणून गेले होते.

वन्सं: म्हणजे अजून दोन महिने जायचेत. मग हा ड्रेस कधी बेतलास?

वहिनी: त्याच दिवशी. घरी आल्याबरोबर.

वन्सं: कोणत्या मापाने?

वहिनी: होणाऱ्या.

वन्सं: वहिनी.

वहिनी: कळतंय हो मला. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मी आता बारीक होणार आहे, त्या मापाने शिवा. त्याला कोण समजावतं? मीच. आज अंग आहे त्याला कपडा शिवू, उद्याचं उद्या बघू, असं मी शंभर जणींना सांगितलं असेल. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा कात्री चालवली ती थेट दोन इंच आत. शिलाईत कापडसुद्धा सोडलं नाही. वाटलं, कापड सोडलं म्हणजे आपलाच आपल्यावर भरवसा नाही.

वन्सं: म्हणजे उसवून सैल करायलाही जागा नाही.

वहिनी: सूतभर नाही. वर पोट आधी टरारून फुगलं. सूज येते म्हणाल्या होत्या, ती आली. आता ती उतरलीय जवळजवळ. पण उतरून पोट आलं कुठे, तर पहिलं होतं तिथेच. आणि उद्या संध्याकाळी तुमचा निरोप समारंभ. मुख्याध्यापिका म्हणाल्यात, बाईंच्या घरच्यांनी स्टेजवर बसायचं. वन्सं, ही चेन लागायला हवी. तुमचे दादा यायच्या आत लागायला हवी.

वन्सं: चेनीला काय कळतंय घाई. श्वास घे. आत घे. अजून. नाही लागत. तीन बोटं राहिली. बस जरा, आणि मला सगळं सांग. दुखलं का खूप?

वहिनी: मजाच झाली. मला वाटलं होतं त्या दवाखान्यात सगळ्या नट्या असतील. बघते तर एक चष्म्याचे दुकानदार, एक बस चालवणाऱ्या बाई आणि मी. बसवाल्या बाईंची दुसरी खेप होती. त्या म्हणाल्या, पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, वळण घेताना आधी पोट वळायचं, मग बस. त्यांनीच मला धीर दिला. म्हणाल्या, पहिली पाच-दहा मिनिटं कोणीतरी पोट दातात धरून बर्फात उभं केल्यासारखं वाटेल, ओरडावंसं वाटेल. मग सगळं बधिर होतं आणि चक्क पेपर वाचता येतो. अगदी तसंच झालं. मी तर यंत्र लावलेल्या पोटानिशी तिथल्या पडद्याची शिवण बघत पडले होते. कडेला वाकडी होती.

वन्सं: तू तिथेही शिवणच बघितलीस.

वहिनी: दुसरं होतं काय बघायला. मग तिथल्या मदतनीस मुलीने यंत्र काढलं. वन्सं, माझ्या पोटावर लोण्याची वडी. चौकोनी, टणक, लालेलाल. मी बोटाने वाजवून बघितली. ती मुलगी म्हणाली, मावशी, आता हे चोळून मऊ करावं लागेल, दोन मिनिटं सोसा. ती दोन मिनिटं मात्र विचारू नका. मी देवाला नाही, थेट तुमच्या दादांना हाक मारली. ती घाबरली. म्हणाली, बाहेर बसलेत का, बोलावू का आत? म्हटलं नको बाई, ते टेप घेऊन येतील.

वन्सं: थांब, मला हसू दे. आणि नंतर?

वहिनी: नंतरचं वेगळंच. दोन-चार दिवस काळंनिळं, मग मुंग्या, मग खाज. खाज अशी की कपाटाच्या कडेला जाऊन पोट घासावं. पण घासलेलं कळायचंच नाही. आत मुंग्यांचं वारूळ आणि बाहेर कापूस. फोन करून विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्यांना होतं तसंच होतंय, बधिरपणा जाईल काही आठवड्यांत, घाबरू नका. पोटाला आधार बरा वाटत असेल तर पट्टा बांधा. मग मी पट्टा शिवला. आपल्याच इलॅस्टिकचा. छान झालाय, कडेला पायपिंग केलंय.

वन्सं: इलॅस्टिकचा. अच्छा.

वहिनी: अच्छा काय?

वन्सं: वहिनी, आता मी एक खरं सांगते, तूही रागवायचं नाही. मी आज माझा ड्रेस न्यायला आलेच नाही. मला दादाने पाठवलंय.

वहिनी: कशाला?

वन्सं: परवा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा होता. मुलं सुटत होती, त्यांच्यामध्ये हा. म्हणाला, तुझी वहिनी पोट धरून बसते. दार लावून कपडे बदलते. इलॅस्टिकचं अख्खं रीळ संपलं आणि दुकानात एक विजार शिवलेली नाही. लेस आणायला म्हणून जाते आणि लेस न घेता येते. तिला आत काहीतरी झालंय, आणि मला त्रास नको म्हणून ती सांगत नाही. तू विचार. तुझ्याशी बोलेल.

वहिनी: असं म्हणाले?

वन्सं: जेवणसुद्धा धड जात नाही त्याला. आणि बँडवाल्यांच्या एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या त्याने.

वहिनी: दोन्ही डाव्या?

वन्सं: दोन्ही. शिवूनही टाकल्या.

वहिनी: शिकाऊ होते तेव्हासुद्धा त्यांनी असलं काही केलं नाही. माझ्या कसं डोक्यात आलं नाही हे. मला वाटत होतं, बँडवाल्यांच्या कोटांची गडबड चाललीय, म्हणून गप्प आहेत.

वन्सं: त्याला सांगायला काय झालं होतं? तो काय ओरडला असता?

वहिनी: ओरडले असते तर बरं झालं असतं. वन्सं, दर दोन-चार वर्षांनी माझा कपडा घट्ट होतो. मी काही न बोलता खुंटीला अडकवते. दुसऱ्या दिवशी बघावं तर तो सैल झालेला असतो. एक शब्द नाही, थट्टा नाही. बाकीच्या बायकांचे नवरे काय काय बोलतात. हे गुपचूप उसवतात आणि सोडतात. इतकी वर्षं सोडतच आलेत. मला एकदाच वाटलं, एकदा तरी यांनी माझा कपडा आत घ्यावा. बस, एवढंच. आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू आहेस तशी छान आहेस. आणि विषय संपला असता.

वन्सं: तसंच म्हणाला असता.

वहिनी: आणि मनापासून म्हणाले असते. तीच तर पंचाईत.

(बाहेर शटर वर जातं. मधलं दार उघडून दादा आत येतो.)

दादा: दार कशाला लावलंय? ताई, जरा पुढे येतेस? काम होतं.

वहिनी: त्यांना नका बाहेर नेऊ. जे विचारायचं ते मला विचारा.

दादा: तुला विचारलं की तू चहा करायला जातेस.

वहिनी: आज नाही जात. मला काही झालेलं नाही. मी पोटावरची चरबी गोठवून घेतलीय. यंत्राने. म्हणून सूज होती, म्हणून पट्टा.

दादा: परत एकदा सांग.

वन्सं: दादा, ती धडधाकट आहे. पोट बारीक करायला गेली होती. मी सगळं विचारून घेतलंय.

दादा: म्हणजे गाठबिठ नाही?

वहिनी: गाठ कसली हो.

दादा: ऑपरेशन?

वहिनी: नाही. नुसतं गार केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन महिन्यांत पोट उतरेल, उतरलंच तर.

दादा: मी बसतो जरा. त्या स्टुलावरची कात्री उचला कोणीतरी.

वन्सं: दादा, तू हसतोयस की रडतोयस?

दादा: ठरवतोय.

वहिनी: दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात म्हणे.

दादा: हिने सांगितलं वाटतं. क्लॅरिनेटवाल्याचा कोट तो. त्याने घालून बघितला, आरशासमोर फिरला, आणि म्हणाला, मास्तर, मी आजपासून दोन्ही हातांनी डावरा होऊ का? मग मी उसवून आणला. पण मला आधी सांग, हे केलंस कशाला? मी कधी काही बोललो का?

वहिनी: तेच तर.

वन्सं: आत्ता मला सांगितलंस ते त्याला सांग.

वहिनी: तुम्हीच सांगा ना.

वन्सं: नाही. आपली पाटी आपण वाचायची. मोठ्याने वाच, मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे.

वहिनी: इतकी वर्षं तुम्ही माझे कपडे सोडत आलात. मला वाटलं, एकदा तरी तुम्ही माझा कपडा आत घ्यावा.

दादा: आत.

वहिनी: हो.

दादा: किती?

वहिनी: दोन इंच.

दादा: जास्त नाही मागितलंस. ये इकडे, उजेडात उभी राहा. श्वास सोड.

वहिनी: सोडलाय.

दादा: नाही सोडलास. मला माहीत आहे तू कशी उभी राहतेस ते. हां, आता सोडलास. टेप टोचतेय का?

वहिनी: काही कळतच नाही. इथून इथपर्यंत दुसऱ्याचंच अंग आहे.

दादा: जुन्या मापापेक्षा सूतभर जास्तच भरतंय.

वन्सं: वहिनी, हसू नकोस, टेप हलतेय.

दादा: हसू दे. किती दिवसांनी हसतेय. हा ड्रेस दोन्ही बाजूंनी उघडावा लागेल. उरलेलं कापड दे, पट्टी घालतो.

वहिनी: चिंधीसुद्धा उरली नाही. सगळी फुलं करून गळ्याला लावली.

दादा: मग ताईच्या ड्रेसचं गडद निळं उरलंय, ते घेऊ. तुझं पोपटी मधोमध, बाजूंना निळं. उद्या स्टेजवर दोघी शेजारी बसाल तर ठरवून केल्यासारखं दिसेल.

वन्सं: माझी पहिलीची पोरं विचारतील, बाईंचा तुकडा त्यांच्या ड्रेसला कसा?

वहिनी: सांगा, आम्ही एकाच घरातल्या. अहो, पण तुम्ही हाताने काय शिवायला बसलात? मशीन रिकामं आहे. आणि हे टाके बघा केवढे मोठे. उद्या स्टेजवर उसवलं म्हणजे?

दादा: नाही उसवत. दुहेरी दोरा आहे.

वहिनी: पण पक्की शिलाई मारायला काय हरकत आहे?

दादा: पट्टी काढायचीय ना मला. तुझ्या डॉक्टरीणबाई दोन-तीन महिने म्हणाल्या, तर तेव्हा.

वहिनी: आणि पोट नाहीच उतरलं तर?

दादा: तर पक्की मारू, त्यात काय एवढं. पण तोवर कच्चीच राहू दे. हा आत घ्यायचा कपडा आहे.