बुजवलेली मोरी

चावीवाला : तुमच्या साहेबांनी रुळाखालची मोरी नाही बुजवली मास्तर, माणसं मारायची सोय केलीय!

मास्तर : हळू बोल. बाहेर पाहुणे जमलेत, बँड आलाय.

चावीवाला : वाजू दे बँड. आत्ता वळणावर रुळाच्या चाव्या हातोड्यानं ठोकत चाललो होतो. रोज रूळ टणटणतो. आज आवाज भद्द, फुटक्या मडक्यासारखा. वाकून बघितलं तर मोरीपाशी भरावाची माती गायब. हात कोपरापर्यंत आत गेला.

मास्तर : सकाळची गाडी तर गेली की वरून!

चावीवाला : दोन डब्यांची चिमणी ती. आता येतंय ते जुनं इंजिन, नुसता हत्ती. मागे आठ डबे खच्चून भरलेले. भरतीचं पाणी शंभर वर्षं त्या मोरीतून यायचं आणि निमूट परत जायचं. वाट बंद केली, आता ते माती खातंय.

मास्तर : मग लाल झेंडा घेऊन पळ ना पुढे!

चावीवाला : वळणापलीकडे पोचायला मला अर्धा तास. मागच्या स्टेशनातून सुटली की गाडी दहा मिनिटांत मोरीवर. झेंडा दाखवू कुणाला, समुद्राला?

बायको : अहो, कोट घाला, हार घेऊन माणसं खोळंबलीत... काय झालं?

मास्तर : काही नाही. तू हो पुढे.

चावीवाला : थांबा वहिनी. विचारा यांना, मोरी कुणी बुजवली.

बायको : रिसॉर्टवाल्यांनी, साहेबांना सांगून. त्यांच्या व्हरांड्यात वास येतो म्हणे.

चावीवाला : आणि परवानगीवर सही?

मास्तर : साहेबांनी फोनवर सांगितलं. सही माझी.

चावीवाला : घ्या! उद्या चौकशी बसली की साहेब नामानिराळे.

बायको : तुम्ही सही केलीत? त्या मोरीतला गाळ स्वतः उभं राहून काढून घेणारे तुम्ही?

मास्तर : मग काय करू? हे स्टेशन झालं तेव्हा इथे वाळू आणि खेकडे होते. आपल्या गाडीनं माणसं आणली, मग खाणावळ आली, लॉज आले, रिसॉर्ट आलं. आता त्यांची गिऱ्हाइकं मोटारीतून येतात, आपण झालो अडगळ. स्टेशन बंद करायचा कागद तयार आहे. रिसॉर्टवाले म्हणाले, मोरी बुजवा, आम्ही जुनी गाडी सुरू करवतो, स्टेशन जगेल. मला वाटलं, एका भोकावर सुटतोय आपण.

चावीवाला : भोक बुजवलंत आणि भगदाड पाडलंत.

मास्तर : अरे, आज गाडी आली नाही तर उद्या दाराला कुलूप!

बायको : आणि आली तर?

मास्तर : ड्रायव्हरला हळू चालवायला सांगतो. येईलही सुखरूप.

चावीवाला : येईलही? मग चला, तुम्ही आणि मी मोरीवर उभं राहू. येईलही!

(फोन खणखणतो.)

मास्तर : मागचं स्टेशन... गाडी सोडायची का विचारत असणार. कुणी उचलू नका. आधी साहेबांना विचारतो.

चावीवाला : साहेब काय सांगणार? मघाशी त्यांनाच लावला होता मी फोन. म्हणाले, मास्तरांना विचार.

बायको : हॅलो... हो, आहेत ना. इथेच उभे आहेत. अहो, ते तुम्हालाच विचारतायत. काय सांगू?