अत्तराचं ताट लवकर आलं

हॅलो?

हॅलो… कोण, हमदा? मोठ्याने बोल गं, एसी चालू आहे… नाही, बंद नाही करणार. अंग पेटलंय माझं. आणि हे बघ, मोठी बहीण असशील, पण आज मला ओरडू नकोस.

हो.

हो, गेले. सगळे गेले.

नाही, बोलणी नाही झाली. कशी होणार? गहवा कॉफीचा दुसरा कप ओतायच्या आत पाहुण्या उठल्या!

मी उठवल्या? मी? हे तुला… अगं, म्हणजे… बरं, मीच उठवल्या म्हण.

तुला कोणी सांगितलं पण? उम्म घानिमने? इतक्यात? अगं, गाडी अजून अल ऐनच्या वेशीबाहेर पडली नसेल… गाडीतूनच केला फोन! वा. मुलाची आई भलतीच चपळ आहे.

काय म्हणाली?

"धूर दाखवून हाकललं." बरं. पुढे?

"आणि वर स्वयंपाकाचं तेल चोळलं"… ते बदामाचं होतं, हमदा. स्वयंपाकाचं नव्हतं. उगाच काहीतरी.

अगं थांब. थांब ना! माझं ऐकणार आहेस की तिचंच ऐकून मला फाशी देणार आहेस?

तर. तुला माझं कातडं माहितीये. ऊदाच्या तेलाचा एक थेंब लागला की गांधी उठतात, मग फोड, मग साल. आणि पोरीचं, मैथाचं, अगदी माझ्यावर गेलंय. नाक घेतलं नाही कार्टीने, केस घेतले नाहीत, कातडं तेवढं उचललं. आणि मुलाकडच्यांना हे बोलू नकोस असं कोण म्हणालं होतं? "आधी शब्द घेऊ, कातड्याचं नंतर बघू." तूच म्हणालीस ना?… मग! अंगाला खाज म्हटलं की लोक रोग म्हणतात, हेही तूच म्हणालीस.

हो, हो, माहितीये, मुलगा लाखात एक आहे. तेच तर! पोरीला घानिम हवाय. तोंडाने बोलत नाही, पण त्याच्या बहिणीचा फोन आला की चेहरा बघ तिचा. म्हणून तर एवढा खटाटोप केला.

आणि ही उम्म घानिम! अख्ख्या गावात तिच्या तेलाचा बोलबाला. स्वतः मुरवते. ऊद, कस्तुरी, केशर नि काय काय. सून पसंत केली की बाटलीत काचेची काडी बुडवते नि तिच्या मानेला लावते. लागलं की मुलगी त्यांची. ते मला टाळायचं होतं गं. तेवढंच.

म्हणून मी काय ठरवलं… हसशील तर ठेवते फोन. मी ठरवलं, तिने पिशवीतून बाटली काढायच्या आधी आपलंच ताट फिरवायचं. यजमानीण लावायला लागली की पाहुणी आपली बाटली काढत नाही, बरोबर? ताटात ऊदाच्या बाटल्या पाहुण्यांना. आणि एक लाल दोरा बांधलेली, ती आम्हा मायलेकींना. तिच्यात बदामतेल. रंगाला तसंच दिसतं. सगळ्यांदेखत मैथाची मान माखायची, की झालं! कोण हुंगायला येतंय?

कपड्यांना लावायचं? अगं बाई, आयुष्यभर तेच केलं. बाहीच्या आत कापसाचा बोळा शिवते, त्याला लावते नि मिरवते. पण तिला मान हवी ना! बाही नकोय!

हो, अत्तर-धुपाचं ताट आलं की पाहुण्यांनी उठायचं, हे मला शिकवू नकोस. मी काय काल विमानातून उतरलेय? सगळं खाणंपिणं, बोलणी, शब्द, आणि मग अगदी शेवटी ताट. कामवाल्या कुसुमाला बजावून ठेवलं होतं, मी खूण करेपर्यंत स्वयंपाकघरातून पाऊल टाकू नकोस म्हणून.

कसली खूण?

…

कानामागे हात न्यायचा.

बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस. मला माहितीये.

मग दुसरी काय खूण करणार? खोकू? त्या धुरात सगळ्याच खोकतात. टाळी वाजवू?

अगं, सकाळी सुचली तेव्हा फार सभ्य वाटली ती खूण. माझ्या कुठे डोक्यात की त्या गाडीभर बायका येणार, आणि येताना अशा माखून येणार की उंबऱ्याबाहेरच मला शिंक आली. मग काय, गालाला गाल. एकीचा झाला की दुसरीचा. प्रत्येकीच्या कानामागे तेल थापलेलं. शेवटच्या म्हातारीने तर मला सोडलंच नाही. "आफ्रा, किती वाळलीस गं," करत घासतेय आपली.

बसते न बसते तोच कान पेटला. मी हात मांडीखाली दाबून ठेवला. उम्म घानिम विचारते, "आफ्रा, थंडी वाजते का तुला?" मी म्हटलं, "हो." बाहेर ऊन असं की डांबर वितळतंय!

अगं, गहू-मटणाचं हरीस पहाटेपासून घोटत होते. हात भरून आले माझे. लुकेमात नुकतेच कढईत सोडले होते, पाकसुद्धा तयार. मैथा समोर बसलेली, अशी सुंदर दिसत होती की मीच नजर लागेल म्हणून बघितलं नाही. आणि उम्म घानिमने कप खाली धरला, घसा साफ केला नि म्हणाली, "आता, ज्या कामासाठी आम्ही आलो…"

आणि हात गेला.

कानामागे! अजून कुठे! माझा नव्हताच तो हात, हमदा. आपला आपण गेला.

कुसुमा बिचारी दाराच्या फटीला डोळा लावून उभी. ताट घेऊन हजर, धुपाटणं फुललेलं. कधी नव्हे ती एका हाकेत… हाकेशिवाय आली. "ज्या कामासाठी आम्ही आलो," आणि तोंडावर भसकन धूर!

काय करणार? तिने वाक्य गिळलं. कप ठेवला. पिशवी उचलली. ती उठली तशा सगळ्या उठल्या. मी आपली "बसा, बसा, अजून खाणं यायचंय" म्हणत हिच्या पुढे, तिच्या पुढे. हात पसरून कोंबड्या अडवल्यासारखी! ती म्हणाली, "नाही आफ्रा, तुमचं आदरातिथ्य पोचलं." इतकं गोड म्हणाली की परत बसा म्हणायची सोय उरली नाही.

तेल? सांगते ना. उठता उठता रीत म्हणून ताटातली बाटली उचलली तिने. हो. तीच. लाल दोऱ्याची. मनगटाला लावली. हुंगली. परत हुंगली. मग बहिणीच्या नाकाखाली धरली. बहिणीने भावजयीच्या. शेवटी त्यातली एक लेकुरवाळी म्हणाली, "अय्या, हे तर मी बाळाला लावते."

हस. हस तू.

नाही गं, पुरुषांचं विचारूच नकोस. मैथाचे बाबा बैठकीत उंटांच्या शर्यतीवर रंगात आलेले. घानिमचे वडील म्हणे मान डोलावत ऐकत होते, तर बाहेर बायकांच्या गाडीचा हॉर्न! तोंडात खजूर, हातात खजूर, एक चप्पल स्वतःची नि एक यांची घालून पळाले ते. हे अजून विचारतायत, माझं बोलणं आवडलं नाही का त्यांना. मी काही सांगितलं नाहीये. त्यांना उंटाचंच दुःख होऊ दे.

मैथा? खोलीत आहे. रडत नाहीये, हेच वाईट आहे. दारात उम्म घानिमने आपली बाटली तिच्या हातात कोंबली. "घे बाळ, तुझ्या आईच्या घरातलं तेल संपलेलं दिसतंय." ती घेऊन जी आत गेली…

काय?

परत एकदा सांग. काय म्हणाली उम्म घानिम?

परत येणार? शुक्रवारी? खरंच? अगं मग हे आधी नाही का सांगायचं! एवढा वेळ माझी चामडी लोळवत बसलीस! अल्ला तुझं… थांब. "पण" काय? तुझ्या "पण"ची भीती वाटते मला.

कुसुमाला काढून टाकायचं? का? खाज मला सुटली नि काढायचं कुसुमाला?… त्यांचा मान राहावा म्हणून. छान.

आणि?

…

मैथाला माखायचं, केसांपासून टाचेपर्यंत.

तिच्याच तेलात. आणि ती स्वतः लावणार. आणि मग लग्नाआधी रोज संध्याकाळी.

हमदा, तू "हो" म्हणालीस? माझ्या वतीने? मला न विचारता?

नाही, मी ओरडत नाहीये. मी ओरडले तर तुला फोनची गरज लागणार नाही, तशीच ऐकू येईन शारजाला.

आधी व्हॅसलीन लावायचं?… तूप? उंटिणीचं दूध प्यायचं? का, तिला नुसतं दुधात बुडवूनच ठेवू ना!

"थोडे दिवस सोसायचं." हां. आलीस मुद्द्यावर. हे वाक्य कुठे ऐकलंय मी सांगू? माझ्या लग्नात. सासू चोळत होती नि मी ओरडत होते, तेव्हा हात कोणी धरले होते माझे? एका बाजूला आत्या. दुसऱ्या बाजूला कोण होतं, हमदा?… बोल ना. "नवरीला थोडं जळजळतंच," म्हणालीस आणि परत गाणं सुरू केलंस. गळा चांगला होता तुझा. ओढणीखाली मान सोलून निघाली होती माझी. सगळ्या म्हणत होत्या, किती लाजरी नवरी, मान वर करत नाही. लाजत नव्हते गं मी. मान वळतच नव्हती!

हो, झाला ना संसार. झाला. संसार झाला म्हणून ते बरोबर होतं का?

नाही, ऐक… अगं ऐक ना… थांब एक मिनिट.

मैथा? दारात का उभी आहेस? ये ना आत. तुझी हमदा खालाच आहे फोनवर. ये.

हात मागे का धरलायस?

दाखव. मैथा, दाखव म्हटलं ना.

या अल्ला… कोपरापर्यंत? कधी लावलंस? आणि दंड… हे काय झालंय गं! हमदा, हिने त्या बाटलीतलं लावलंय. लाल नाही, जांभळा पडलाय हात. टपोरे फोड आलेत.

कशाला लावलंस? कोणी सांगितलं होतं तुला?

कोण खाला?

…

हमदा. तू हिला फोन केला होतास? माझ्या आधी? "आजपासून थोडं थोडं लाव, शुक्रवारपर्यंत सवय होईल"? सवय? अगं, निखाऱ्याची सवय होते का कुणाला! आणि मला इथे तूप नि दूध सांगत बसलीस!

काय बोलतेस ते? "मुलीच्या भल्यासाठी." हो. तेव्हाही माझ्या भल्यासाठीच धरले होतेस हात.

कुसुमा! कुसुमा, साबण आण, मऊ फडकं आण… पळ! मैथा, खाजवू नकोस. बस इथे. दुखतंय?… दुखत नाही म्हणते. ओठ दाताखाली धरून म्हणते, दुखत नाही.

हमदा, आता मी बोलते. उम्म घानिमला मीच फोन करणार. आत्ता. हो, सांगणार. माझं कातडं, हिचं कातडं, लाल दोऱ्याची बाटली, सगळं सांगणार. म्हणेन, मुलगी हवी असेल तर कोरडी न्या, तेल लावायचं असेल तर दुसरी बघा.

मोडलं तर मोडलं.

मैथा, फोन ओढू नकोस… मैथा! सोड… हो, ऐकतेय. बोल. काय?

…

हमदा, ऐकलंस का काय म्हणाली? म्हणते, "तू सोसलंस ना? मग मला का सोसू देत नाहीस?"

नाही. तू उत्तर देऊ नकोस. तुझं उत्तर मला पाठ आहे.

हो, गेली आत. कडी लावली. कडी लावू दे, कुसुमा दार वाजवतेय.

माहितीये. नाही करणार ती मला माफ. कदाचित कधीच नाही. मग काय करू म्हणतेस? हात धरू तिचे?

ठेव आता, हमदा. ठेव, मला नंबर लावायचाय.