नळ बसला, पण पाणी जाणार कुठे?

...नाही, हसू नका! तुमच्या घरी झालं असतं म्हणजे कळलं असतं! नवा कोरा, चकचकीत, एका बोटाने फिरणारा नळ बसवून घेतला, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही, की येणारं पाणी जाणार कुठे?

त्याचं असं झालं, तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांचे गुडघे गेलेले. खोलीतून स्वयंपाकघरात यायचं तर भिंत धरत धरत, आणि हाक मारायची नाही! "कोणाला कशाला त्रास?" म्हणून मग पाणीच प्यायचे नाहीत! डॉक्टर मला झापतात, "काय हो, वडिलांना पाणी देत नाही का घरी?" लाज वाटली हो, खरंच वाटली. म्हटलं बस्स, पलंगाशेजारीच नळ! हात लांबवला की पाणी!

मग चर्चा. तीन दिवस! बायको म्हणते, "उजवीकडे घ्या, नाहीतर पडदा भिजेल." बाबा म्हणतात, "जरा खाली घे, खांदा वर होत नाही." मी भिंतीवर पेन्सिलीने फुल्या मारतोय, आठ फुल्या! प्लंबर आला, भिंत फोडली, पाइप घातला, सिमेंट लिंपलं आणि म्हणाला, "सोडा पाणी!" सोडलं. धो धो! आम्ही टाळ्या वाजवतोय... आणि पाणी पलंगाखालून, बाबांच्या चपला घेऊन, दाराकडे! "अहो, हे जाणार कुठे?"

तर हा शांतपणे, "तुम्ही नळ सांगितलात साहेब. मोरी कुठे सांगितलीत?"

"पण तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की! मला वाटलं, तुमचा काहीतरी विचार असेल."

आमचा! विचार!

मग काय, नळाखाली बादली. बाबा पाणी पिणार, पेला विसळणार, चष्मा धुणार, उगाचच हात धुणार, आणि मग हाक, "अरे, भरली रे!" मी बूट घालून ऑफिसला निघालोय... "अरे, भरली रे!" ही फोनवर बोलतेय... "सूनबाई, भरली बरं का!" दिवसातून सहा वेळा! पाण्यासाठी हाक मारायला लाजणारा माणूस हा! आणि गेलं की लगेच सोडतात होय? "बस जरा. एवढी काय घाई? फोन कोणाचा होता?"

शेवटी रविवारी प्लंबरला पुन्हा बोलावलं. मोरी, जाळी, बाहेर पाइप, सगळं ठरलं. त्याने छिन्नी टेकवली मात्र, बाबा ओरडले, "थांबा! मोरी नको."

"अहो बाबा, पण पाणी जाणार कुठे?"

तर खिडकीकडे बघत म्हणतात, "ते आपलं आपण जायला लागलं, तर तुम्ही कशाला याल रे इकडे?"

आता बोला! प्लंबर छिन्नी पुसत बसला. दिला परत पाठवून.

पण मीही माणूसच ना! संध्याकाळी गुपचूप मोठी बादली आणली. म्हटलं, भरायला जरा वेळ तरी लागेल. बाबांनी ती वरून पाहिली, खालून पाहिली, म्हणाले, "फार मोठी झाली. लहान बघ."

सध्या आमच्या नळाखाली दुधाचं पातेलं आहे.