कोऱ्या भिंतीवरचं वाचन

मंडळी, बसून घ्या. विमल सिस्टरसाठी इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं, सतरंज्या कमी पडल्या. मी तीस वर्षं वर्गात बोललो, पण शोकसभेत पहिल्यांदाच. तरी नाना, तुमची परवानगी घेऊन थोडं हसवतो. तुमच्या मंडळींना, म्हणजे आमच्या सिस्टरना, रडकं पोर चालत नव्हतं. "आधी डोळे पूस, मग वजनकाट्यावर चढ," म्हणायच्या.

दरवर्षी त्या सरकारी दवाखान्यातून आमच्या शेंद्र्याच्या शाळेत तपासणीला यायच्या. उंची, वजन, दात, डोळे. सुई टोचतील म्हणून पोरं कुंपणावरून पळायची. मग त्यांनी रीतच पाडली. आधी गुरुजी. साऱ्या शाळेसमोर मी भिंतीला टेकून उभा. "टाचा जुळवा, मान सरळ. हलू नका गुरुजी, माप चुकतंय." पोरं हसायची अन् रांगेला लागायची.

आता एक कबुली देतो. एका वर्षी त्या डोळे तपासायचा तक्ता शाळेतच ठेवून गेल्या. मला वाटलं, तपासणी म्हणजे परीक्षाच. आपल्या वर्गाचा निकाल खाली यायला नको. मी तो तक्ता पोरांकडून पाढ्यासारखा घोकून घेतला. वरून खाली, खालून वर. व्हय, हसा. तो शहाणा मीच.

त्या वर्गात रेणुका होती. फळ्यावरचं उतरवताना रोज चुकायची, म्हणून मी तिला मागं बसवलेलं. तिच्या बापाला सांगूनही टाकलं होतं, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाय. तो तिला शाळेतून काढणार होता.

तपासणीला रेणुकानं तक्ता खडाखडा म्हटला. मी मिशीत हसत होतो. सिस्टरनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् तक्ता हळूच खिळ्यावरून काढून पाठीमागं धरला. रेणुका वाचतच राहिली. कोऱ्या भिंतीवरून. अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा.

सारा वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "गुरुजी, पोरगी लई हुशार हाय. तिला तुमचा फळाच दिसत नाय."

मला लाज वाटली, मंडळी. आजही वाटते. "चुकलं माझं," म्हणालो. "चुकलं खरं," त्या म्हणाल्या. "आता तिला पुढं बसवा."

बापाला शाळेत बोलावून चष्म्याचं सांगितलं, तर तो अडून बसला. "चष्मेवालीला कोण करून घेईल?" सिस्टरनी आपला जाड भिंगांचा चष्मा पदरानं पुसला. "मला घेतलं की करून आमच्या मालकानं. विचारा, पस्तावलेत का." नाना, तुम्ही दारात गाडीवर बसला होता. आठवतंय, काय म्हणालात? "अजून तपासणी चालू हाय."

बापालाही हसू आलं. चष्मा आला. पहिल्याच दिवशी रेणुका म्हणाली, "गुरुजी, तुमच्या नाकावर तीळ हाय." दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकत होती ती.

आज ती शेंद्र्याच्याच कंपनीत हाय. तयार मालावरचे केसाएवढे ओरखडे हुडकायचं काम करते. तिनं पास केल्याशिवाय माल बाहेर जात नाय. ती बघा, पहिल्या रांगेत. आज मी बसवलेलं नाय, आपली आपण येऊन बसली.

चला, उठा सगळे. सिस्टरसाठी दोन मिनिटं उभं राहू, त्यांनी शिकवलं तसं. टाचा जुळवा. मान सरळ. हलू नका मंडळी, माप चुकतंय.