धाकटीला आधी विचारतात

माल्सुन : ...आणि तेही सगळ्यांसमोर! शेकोटीभोवती अकरा पाणबुड्या बायका बसलेल्या, आणि माझीच लेक म्हणते, 'ते शिंपले माझ्या आईने काढले.' उद्या अख्ख्या जेजू बेटावर बोभाटा होईल ह्याचा.

ह्यॉनजू : मी आपणहून नाही बोलले, आई. आपल्या गटाच्या थोरलीने विचारलं. आपल्यात धाकटीला आधी विचारतात, त्याला मी काय करू?

माल्सुन : गप्प बसायचं. तोंड आहे की फाटकं पोतं?

ह्यॉनजू : ओकसिम मावशी रडत होती गं. कवचं तिच्या संत्र्याच्या झाडाखाली सापडली, म्हणून सगळ्या तिच्याकडे चोरासारखं बघत होत्या. चाळीस वर्षं तुझ्या जोडीने बुडी मारतेय ती. आणि तू तिच्या शेजारी बसून निखारे उकरत होतीस!

माल्सुन : मुद्दाम नाही टाकली तिच्याकडे. भिंतीपलीकडे भिरकावली. पलीकडे कोण राहतं हे मनातच आलं नाही.

ह्यॉनजू : चाळीस वर्षांच्या शेजारात?

माल्सुन : वकिली नको करूस. कुणासाठी काढले होते ते? माझ्या जिभेचे चोचले होते? अंगावरचं दूध आटलं म्हणून रडत कोण बसलं होतं? दोन वाडगे शिंपल्यांची हिरवीगार पेज ओरपलीस, वर 'अजून आहे का?' तेव्हा नाही विचारलंस, बंदी चालू असताना शिंपले आले कुठून!

ह्यॉनजू : वाटलं, बाजारातून... नाही. खरं सांगते. पहिल्या घासालाच कळलं होतं.

माल्सुन : बघा! आणि तरी—

ह्यॉनजू : तेही सांगितलं मी शेकोटीपाशी. कळूनही खाल्ले म्हणून. तू ऐकलं नाहीस, तोवर तू उठून चालू लागली होतीस.

माल्सुन : थांबून काय ऐकायचं होतं? वसंतापर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, एवढं ऐकलं. त्रेसष्टावं लागलंय मला. असे किती हंगाम उरलेत?

ह्यॉनजू : अंडी घालायच्या दिवसांत शिंपल्याला हात लावायचा नाही, हे मला कुणी शिकवलं? सात वर्षांची होते. मूठ उघडून घेतलीस, शिंपला समुद्रात टाकलास आणि कानाखाली वाजवलीस.

माल्सुन : शिकवलं ते माझ्यावरच चालवायला?

ह्यॉनजू : मग कुणावर? एकट्या ओकसिम मावशीवर?

माल्सुन : मी सांगणार होते.

ह्यॉनजू : कधी?

माल्सुन : माझी पाळी आल्यावर. नववी होती माझी. तेवढा दम धरला असतास तर माझ्या तोंडाने सांगितलं असतं.

ह्यॉनजू : खरंच सांगितलं असतंस?

(माल्सुन बाळाच्या दुपट्याची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते.)

माल्सुन : तेच तर. आता कधी कळायचं नाही. तुला नाही, त्या बायकांना नाही. मलासुद्धा नाही. समुद्र काय, वसंतात परत मिळेल. तू घेतलंस ते कसं परत देशील?

ह्यॉनजू : नाही देता येणार.

माल्सुन : मग झालं तर.

ह्यॉनजू : पण आई, सात जणींचं होईपर्यंत मावशीने चोर म्हणून बसायचं? मला नाही बघवलं. तुला बघवत होतं, ते मला अजून गिळता येत नाहीये.

माल्सुन : बोललीस ना एकदाची? आता ऊठ.

ह्यॉनजू : एक राहिलंय. उद्या शंख काढायला जायचंय. मावशीला एकटीला उतरता येत नाही, म्हणून थोरलीने मला लावलंय तिच्या जोडीला. तुझ्या जागी.

माल्सुन : माझ्या जागी! वा!

ह्यॉनजू : बाळाला कुणाकडे ठेवू?

माल्सुन : माझ्याशी बोलू नकोस.

ह्यॉनजू : बरं, नेते तिला पाठीवर बांधून. काठावर कुणीतरी... अगं, उठली वाटतं.

माल्सुन : सर. तुझा हात गार आहे. ये गं माझी छकुली, ये आजीकडे. काठावर वाऱ्यात ठेवणार म्हणे तुला! तुझ्या आईला सांग, सकाळी दूध काढून ठेव. मी तिच्याशी बोलत नाही.

ह्यॉनजू : आई...

माल्सुन : आणि सांग तिला, ओकसिमला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडेच राहा म्हणावं. आणि रागात बुडी मारू नको म्हणावं. श्वास पुरत नाही.