तिघांतला एक

हे लिहिणारच नव्हतो, कारण माझ्याही बॅगेत विषय सोडायचा तसाच फॉर्म होता. रेडरुथ गावाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दुसऱ्या कॉलेजची दोघं बसली होती.

"जोरी, फर्दर मॅथ्स सोडणार नाहीस ना तू?"

"सोडला. सकाळीच ऑफिसात फॉर्म दिला."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"तू रडली असतीस, केरेन्सा."

"मग आता काय नाचू? तिघं असतील तरच वर्ग चालवतात. आता मी आणि मॉर्वेना. दोघींसाठी ठेवतील का वर्ग?"

"मला एकोणीस टक्के पडलेत गं. पेपरच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही."

"मी शिकवते ना. रोज."

"चार महिने तेच करतेयस. मला नाही येत."

"हा वरच्या गणिताचा विषय नसेल तर मला हवंय ते विद्यापीठ घेणारच नाही. माहितीये ना तुला?"

"दुसरं बघ ना एखादं."

"किती सहज बोलतोस रे!"

"पेस्टी खातेस? अर्धी ठेवलीये तुझ्यासाठी."

"नको. सरांकडून फॉर्म परत मागता येईल?"

"त्यांनीच सही केली. म्हणाले, आता तरी नीट झोपत जा."

"आणि वर्गाचं?"

"वर्गाचं निघालं तेव्हा फळा पुसत बसले."

ती एक स्टॉप आधीच उतरली. तो सारणाची ती अर्धी पेस्टी हातात धरून बसला.

आमच्या वर्गातही आम्ही तिघंच आहोत. त्यातल्या डेन्झिलला बसमधूनच मेसेज केला : फॉर्म द्यायचाच झाला, तर ऑफिसच्या आधी तुला सांगेन. नक्की.