गोदाक्कांचं बटण

मंडळी, आख्यान लावण्याआधी एक प्रश्न. उत्तराची घाई करू नका — घाईचं उत्तर आणि घाईचा भात, दोन्ही कच्चेच राहतात! प्रश्न असा: म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम आपण प्रेमानं काढून घेतलं, 'तुम्ही आता आराम करा' म्हणालो, तर ती सेवा की चोरी?

'सेवा, बुवा!' — आली, पहिल्या रांगेतून आली! तबलजी, यांचा चेहरा लक्षात ठेवा. शेवटी परत विचारू.

ऐका तर. कऱ्हाडात नीलकंठ हुपरीकर नावाचे एक गृहस्थ. फरशीचं दुकान, छोटासा बंगला, बायको शोभना, आणि आई गोदाक्का. काचबिंदूनं गोदाक्कांचे डोळे गेलेले. थोडेथोडके नाहीत — पार गेलेले! ऊन की सावली, तेही दिसत नाही. पण त्या घरात एक रीत होती. तिन्हीसांजेचा दिवा गोदाक्कांनीच लावायचा!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, दिसत नाही त्या बाईला सांज झालेली कळणार कशी? अहो, तुम्हाला दिसतंय म्हणून तुम्ही घड्याळ बघता! गोदाक्कांच्या खोलीची भिंत पूर्वेची. सकाळच्या उन्हानं तापलेली ती भिंत हाताला गार लागायला लागली, अंगणातल्या जांभळावर साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला, की बाई उठायच्या. भिंतीला हात लावून हळूहळू पुढच्या खोलीत यायच्या. तिथं जुनं काळं बटण. वर असलं तर बंद, खाली दाबलं की चालू. खट्! की दोन्ही हात जोडायच्या. आणि घरात असेल तो हातातलं टाकून हात जोडायचा. शोभनाचे हात कणकेचे असले तर कणकेसकट! नीलकंठ फोनवर असला, तर समोरच्याला म्हणायचा, 'एक मिनिट हं, दिवा लागला.' आणि गोदाक्का येईपर्यंत त्या बटणाला दुसरं कुणी शिवायचं नाही.

काय गंमत बघा. जिला दिवा दिसत नाही ती लावणार, आणि ज्यांना दिसतो ते तिची वाट बघणार!

एकदा काय झालं, भिंतीच्या कडेनं येताना गोदाक्कांचं कपाळ दाराच्या चौकटीला लागलं. टेंगूळ आलं. नीलकंठानं धावत जाऊन बर्फ लावला. गुणी मुलगा हो, आईवर जीव! त्यानं ठरवलं, बास. आता आईनं दिव्यासाठी उठायचंच नाही.

मग एके दिवशी, सांज व्हायच्या आत, बंगल्यातली सगळी जुनी बटणं उखडली. त्यांच्या जागी काचेच्या गुळगुळीत पट्ट्या. नुसतं बोट टेकवायचं! शिवाय डिमर — दिवा एकदम लागत नाही, हळूहळू फुलतो. आणि सूर्य मावळला की आपोआप फुलतो! सगळा कारभार मोबाईलवर. मी विचारलं एका शहाण्याला, 'दिवा असा रांगत रांगत येणार असेल, तर नमस्कार कधी करायचा? पाव लागल्यावर, की पुरा लागल्यावर?' तो म्हणाला, 'बुवा, त्याची सोय अजून कंपनीनं केलेली नाही.' पेटीवाले, हसू नका, तुमच्याही घरात बसवलंय.

आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. का? तर 'सरप्राइज' द्यायचं होतं! शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावलं. खोली भरलेली. सूर्य मावळला आणि दिवे आपोआप फुलले. 'वा! वा! वा!' नीलकंठ गडबडीनं आत आईला सांगायला निघाला — तर गोदाक्का दारात उभ्या. भिंत गार झाली, साळुंक्या ओरडल्या, बाई आपल्या कामाला आल्या!

नीलकंठ 'आई, अगं थांब' म्हणेपर्यंत त्यांचा हात जागेवर पोचला. नेहमीचं बटण नाही, काहीतरी गार, गुळगुळीत. पोरानं नवं बसवलं असेल, म्हणून त्यांनी बोट दाबलं. लागलेला दिवा गेला! खोलीत अंधार. आणि गोदाक्कांनी त्या अंधाराला दोन्ही हात जोडले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारचे देशमाने म्हणाले, 'अहो आक्का, लागलेला दिवा घालवलात की!'

मंडळी, देशमान्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिन्हीसांजेला, भरल्या घरात, आपल्या हातानं दिवा घालवला — हे त्या बाईला कसं लागलं असेल? जोडलेले हात तसेच खाली आले. 'कळलं नाही रे मला,' एवढंच बोलल्या आणि भिंत धरून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सांज झाली. गोदाक्का आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. नीलकंठानं खोलीत डोकावलं, तर पलंगावर बसलेल्या, भिंतीवर हात ठेवून. 'आई, येतेस बाहेर?'

'काय करू येऊन? तुमचा दिवा आपला आपण लागतोय ना?'

जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं त्याहून कमी झालं. नीलकंठ यंत्राचा माणूस, त्यानं यंत्रालाच उपाय विचारला. भिंतीतून एक बाई बोलायला लागली — 'दिवा लावण्यात आला आहे!' गोदाक्कांनी विचारलं, 'कोण गं ही? हिला चहा दिला का?'

नीलकंठ हसला, पण हसू टिकलं नाही. त्याच संध्याकाळी तो दुकानातून घरी आला, बूट काढले, खुर्चीत बसला. दिवा लखलखत होता. कधी लागला? त्याला सांगता येईना. शोभनाला विचारलं, तिलाही सांगता येईना. किती दिवसांत आपण हात जोडले नाहीत? आईचा पाय चुकू नये म्हणून आपण तिची वाटच बुजवून टाकली! आणि त्याला लाज वाटली. खरी लाज, मंडळी. दुकानात गिऱ्हाइकासमोर वाटते तसली नव्हे.

सकाळी वायरमनला बोलावून त्यानं पुढच्या खोलीत जुन्या पद्धतीचं काळं बटण बसवून घेतलं. दाराच्या चौकटीला जाड रबर लावलं — हे आधीच केलं असतं तर? पण तेव्हा हे आख्यान झालं नसतं! मोबाईलवरचा सांजेचा कारभार बंद केला. सांज झाली. 'आई, चल. तुझं बटण परत आणलंय.'

गोदाक्का जागच्या हलेनात. 'नको रे बाबा. परत माझ्या हातून दिवा जायचा. शोभनाला सांग.'

इथं नीलकंठ शहाणा निघाला. त्यानं आर्जवं केली नाहीत, पाया पडला नाही. म्हणाला, 'बरं. मग आम्ही बसतो अंधारात. या घरात दिवा तुझ्याच हातानं लागतो.' आणि खरंच बाहेर जाऊन बसला! शोभना गॅस बंद करून येऊन बसली. बाहेर अंधारलं. साळुंक्या गप्प झाल्या. नीलकंठ पाणी प्यायला उठला आणि धाडकन टीपॉयवर! 'आई गं!'

आतून आवाज आला — 'अरे, दिवा लावा की मेल्यांनो! पाय मोडून घेताय का?'

'लावायचा नाही आम्हाला. तू ये.'

पलंग कुरकुरला. मग भिंतीवरून हात घासत आल्याचा आवाज. गोदाक्का आल्या. हात जागेवर गेला. बटणावरून बोट फिरवलं, वर आहे ना, बघितलं. परत एकदा बघितलं. आणि — खट्!

बाई हात जोडून थांबल्या. शोभनाच्या बांगड्या वाजल्या. मग गोदाक्का म्हणाल्या, 'लागला. पण नीलकंठा, तू हात जोडले नाहीस.'

'जोडले की आई!'

'खोटं बोलू नकोस. नाक ओढतोयस. हात डोळ्यांवर आहेत तुझे. आधी डोळे पूस, मग जोड. मी थांबते.'

आणि थांबल्या हो!

तर काय, पहिली रांग? सेवा की चोरी? आता का गप्प? आपण कुणी वाईट माणसं नाही. 'बाबा, भाजी आणायला जाऊ नका, दमाल.' 'आई, तांदूळ निवडू नका, निवडलेलेच मिळतात.' बोलतो ते प्रेमानंच. आणि मग आपणच म्हणतो, म्हातारी माणसं अशी कोपऱ्यात का बसतात कुणास ठाऊक!

आता घरची गोष्ट राहू द्या, इथलीच घ्या. या देवळातले दिवे वर्षानुवर्षं सखारामदादा गुरव लावायचे. दादा दमतात, म्हणून समितीनं टायमर बसवला. दादा तिकडे मागच्या खांबाशी बसलेत, मघापासून उपरणं तोंडाला लावून. मंडळी, मघापासून मंडपात अंधारून आलंय आणि दिवे का लागत नाहीत, म्हणून तुम्ही वर बघताय ना? वर बघू नका. तो टायमर मी कीर्तनाआधीच बंद करून घेतलाय.

दादा, उठता का? सावकाश या, कुणाला घाई नाही. वाट द्या रे त्यांना. आपण सगळे हात जोडून बसू. पेटी नको, टाळ नको. खट् आवाज ऐकू आला पाहिजे.